चूक कुणाची, ते फोडून बघू

"मॅडम, माझंच कायतरी चुकालंय." एवढं म्हणून तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि खुर्ची सोडून बाजूला उभी राहिली. बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ब्लॉकचेनच्या प्रॅक्टिकलसाठी मला 'बाहेरची तज्ज्ञ' म्हणून बोलावलं होतं. बाहेरची म्हणजे शहरातल्याच वडगावातून स्कूटरवर आलेली. पोरगी खानापूरकडच्या खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, रोज एसटीसारख्याच खडखडणाऱ्या पण कन्नड पाटीच्या बसनं ये-जा करणारी. स्क्रीनवर लाल अक्षरात एकच ओळ होती : इनव्हॅलिड ऑपकोड. म्हणजे मशीनला न कळणारी आज्ञा. त्या ओळीपायी तिनं आपला प्रोग्रॅम कितीदा तरी पुसून पहिल्यापासून लिहिला होता. वहीत दर प्रयत्नाच्या बाजूला तारीख, आणि तारखेपुढं फुली. प्रोग्रॅम मी वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात काहीही चुकलेलं नव्हतं.

ती लाल ओळ मी डोक्यात घेऊन घरी आले. चूक सापडायला पाच मिनिटं लागली होती, तिचं काही वाटलं नाही. त्या पोरीच्या वाक्यातली खात्री मात्र मनातून जाईना. साधन चुकत असेल, पुस्तक जुनं असेल, हे तिच्या डोक्यात शिवलंच नव्हतं.

झालं होतं ते असं. साखळी म्हणजे ब्लॉकचेन, अनेक मशीनांवर एकसारखी ठेवलेली नोंदवही. तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. सॉलिडिटी नावाच्या भाषेत कॉन्ट्रॅक्ट लिहितात, कंपायलर त्याच्या बारीक बारीक आज्ञा करतो, आणि त्या आज्ञा साखळीवरचं मशीन चालवतं. एप्रिल २०२३ मध्ये इथेरियम या साखळीवर 'शांघाय' नावाची सुधारणा आली आणि तिच्यातून 'पुश झिरो' ही एक नवी आज्ञा मिळाली. काम काय, तर मशीन हिशेबाचे आकडे ज्या थप्पीवर रचतं तिच्यावर शून्य ठेवायचं. आधी त्याच कामाला दोन बाइट लागायचे, आता एकात भागतं. पुढच्याच महिन्यात सॉलिडिटीची ०.८.२० आवृत्ती आली आणि ती न विचारता ही आज्ञा वापरू लागली. कॉलेजच्या मशीनवर कंपायलर नवा होता, पण साखळीची नक्कल करणारं गनाश होतं शांघायच्या आधीचं. नव्यानं शून्य पाठवलं, जुन्याला ते ओळखता आलं नाही. सेटिंगच्या फायलीत एका ठिकाणी शांघायच्या आधीच्या सुधारणेचं नाव, 'पॅरिस', लिहिलं, म्हणजे कंपायलरला सांगितलं की बाबा जुन्याच रीतीनं बोल, आणि तिचा पहिल्या दिवशीचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला. ती हसली नाही. वहीतल्या फुल्यांकडं बघत राहिली.

ते लॅब मॅन्युअल मी नंतर चाळलं. स्पायरल बाइंडिंग, झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानांवर कडेच्या ओळी अर्ध्या कापलेल्या. त्यात कॉन्ट्रॅक्ट बांधून तपासायचं ट्रफल होतं, गनाश होतं, आणि शेवटचा प्रयोग रॉपस्टेन नावाच्या सरावाच्या साखळीवर कॉन्ट्रॅक्ट चढवायचा. ट्रफल आणि गनाश दोन्ही गुंडाळत असल्याचं कन्सेन्सिस कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. त्या वर्षाच्या अखेरीस कोडची भांडारं नुसती वाचण्यापुरती ठेवली. रॉपस्टेन तर त्याच्याही आधी, २०२२ मध्येच मोडीत निघालेलं. या सरावाच्या साखळ्यांना मेट्रो स्टेशनांची नावं द्यायची हौस जुनी आहे. रॉपस्टेन आणि रिंकबी स्टॉकहोममधली, कोवान सिंगापूरचं, गोर्ली बर्लिनचं, आणि हल्ली जिच्यावर आम्ही सगळे सराव करतो ती सेपोलिया अथेन्सची. यातलं एकही स्टेशन मी बघितलेलं नाही, पण तिथं थांबणाऱ्या गाड्या कधी बंद झाल्या ते मला पाठ आहे. गोर्लीचा शेवट मजेशीर होता. ईथर हे इथेरियमचं चलन; सरावाचं ईथर म्हणजे खोटे पैसे, फुकट वाटायचे. पण त्यांचा तुटवडा झाला आणि २०२३ च्या सुरुवातीला लोक ते खोटे पैसे खरे पैसे देऊन विकत घेऊ लागले. माणसाच्या या गुणाला कुठलीच सुधारणा पुरी पडत नाही.

पण मॅन्युअल जुनं असणं हा काही मोठा गुन्हा नाही. या धंद्यात दोन वर्षांत सगळंच जुनं होतं. मला टोचत होतं ते वेगळं. आपल्याकडं, विशेषतः या पट्ट्यात, पोरं वाढतात तीच 'आपलंच चुकलं असणार' असं धरून. घरात मराठी, कचेरीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. प्रत्येक उंबऱ्यावर भाषा बदलते आणि प्रत्येक नव्या भाषेत आपण थोडे कच्चे असतो. लहानपणी आजोबांबरोबर उतारा काढायला एका कचेरीत गेले होते. कागदावर आमच्या आडनावाचं काहीतरी तिसरंच झालं होतं. आजोबांनी ते दाखवलं, तर खिडकीतला माणूस न बघताच म्हणाला, तुमचा जुना कागद चुकीचा असेल. आजोबा "असेल" म्हणून मागं फिरले. त्या माणसाचा मला राग नाही, त्याच्याही डोक्यावर दिवसभराची रांग होती. आणि कन्नडशी माझं भांडणही नाही. आमच्या गल्लीत दोन्ही भाषा एकाच भांडणात वापरतात, माझी जिवाभावाची मैत्रीण घरी कन्नड बोलते. पण "असेल" म्हणून मागं फिरायची ती लकब मी ओळखते. लॅबमध्ये ती पोरगी खुर्ची सोडून बाजूला उभी राहिली तेव्हा तीच लकब होती.

आमच्या अप्पांकडं ती लकब नव्हती.

अप्पा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर होते, वाळूचे साचे करणारे. घरी यायचे तेव्हा भुवयांतसुद्धा काळी वाळू असायची आणि अंगाला जळक्या कोळशाचा वास. मोल्डिंगची वाळू म्हणजे नदीवरची नुसती वाळू नव्हे. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकण माती, कोळशाची पूड आणि मोजकं पाणी. पाणी किती, ते अप्पा मुठीनं ठरवायचे. मूठभर वाळू घट्ट दाबायची, मूठ उघडली की बोटांचे ठसे त्यावर स्वच्छ दिसले पाहिजेत, आणि मधोमध मोडली तर कडा भुरभुरता कामा नयेत. पाणी जास्त झालं की वितळलेलं लोखंड पडताच वाफ होते आणि ती कास्टिंगच्या पोटात अडकते. बाहेरून माल चकाचक, आत भोक. असा माल मशीन शॉपमधून परत आला की सुपरवायझर थेट मोल्डरकडं बोट दाखवायचा : वाळू ओली होती. बाकीचे मान खाली घालायचे. अप्पा म्हणायचे, फोडून बघू. बिडाचं लोखंड घणाच्या घावानं मोडतं. मोडलेल्या तोंडात भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर वायू अडकलाय, म्हणजे वाळूची गोष्ट खरी, अप्पा कबूल करायचे. पण भोक वेडंवाकडं आणि आतून खरबरीत असेल, तर लोखंड थिजताना आक्रसलं आणि भर घालायला वरून रस मिळाला नाही. ती चूक पॅटर्नची, साचा ज्या नमुन्यावरून घेतात त्याची, म्हणजे ऑफिसातल्या कुणाची तरी. असं दोन-तीनदा निघाल्यावर अप्पांच्या मालावर बोट दाखवण्याआधी लोक जरा थांबायला लागले. पगार काही वाढला नाही.

ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो अशा, साधनांवर माझा जीव का, असं कुणी विचारलं की मी फुकट मिळतात म्हणून, असं सांगते. समोरच्याला पटतं. खरं कारण हे फोडून बघणं आहे.

हल्ली मी ज्या साधनावर काम करते त्याचं नावच फाउंड्री. २०२१ च्या अखेरीस पॅराडाइम या गुंतवणूक कंपनीतल्या मंडळींनी ते आणलं, रस्ट भाषेत लिहिलेलं आणि झपाट्याचं. त्यातल्या टेस्ट चालवणाऱ्या भागाचं नाव फोर्ज, साखळीशी बोलणाऱ्याचं कास्ट, आणि घरच्या मशीनवर खोटी साखळी उभी करणाऱ्याचं ॲन्व्हिल, म्हणजे ऐरण. अप्पांना कौतुकानं दाखवलं, तर ते चष्मा सारून म्हणाले, "ऐरण फाउंड्रीत कशाला? फोर्जिंगवाले वेगळे, आपण वेगळे. कुणी ठेवलंय हे नाव?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ॲन्व्हिल सुरू केलं की दहा खाती मिळतात, प्रत्येकात दहा हजार खोटं ईथर, खातं वापरायच्या गुप्त किल्ल्यांसकट. त्या किल्ल्या जगभर सगळ्यांच्या मशीनवर अगदी त्याच असतात. ज्या बारा शब्दांतून त्या निघतात त्यातले अकरा शब्द 'टेस्ट' आणि बारावा 'जंक'. 'भंगार' असं स्वच्छ लिहून ठेवलेलं असूनही खऱ्या साखळीवर या खात्यांत खरे पैसे टाकणारे निघतात, आणि टपून बसलेले प्रोग्रॅम ते तिथल्या तिथं उचलतात.

त्या पोरीला मी हेच बसवून दिलं. तिचं गाव दूर, लॅब पाचला बंद, म्हणून जोडीला ब्राउझरमध्येच कॉन्ट्रॅक्ट लिहून चालवायचं रीमिक्सही, ते कुठल्याही नेट कॅफेत उघडतं. मग एका रविवारी ती आमच्या घरी आली आणि मी तिला टेस्ट चालवताना आज्ञेपुढं चार 'व्ही' लावायला शिकवलं. चार व्ही लावले की फोर्ज सगळा माग उलगडून दाखवतं : कुणी कुणाला हाक मारली, काय दिलं, काय परत आलं, आणि नेमक्या कुठल्या पायरीला मोडलं. वाचता वाचता ती ओपनझेपेलिनच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कॉन्ट्रॅक्टांच्या संग्रहात, शिरली. तो कोड दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, तिच्याच मशीनवर पडलेला, आणि कुलूप नसलेला. "हे आपण बघितलं तर चालतं?" तिनं विचारलं. आवाज दबका, दुसऱ्याच्या कपाटात हात घातल्यासारखा. चालतं म्हटलं, बघायलाच ठेवलंय.

तिचा प्रोजेक्ट होता भिशी. कल्पना तिचीच, आणि मला ती कौतुकाची वाटली, कारण बाकीच्यांनी नेटवरून मतदानाची तीच ती यंत्रं उचलली होती. बारा सभासद, महिन्याला पाच हजार, साठ हजारांचा लिलाव. ज्याला गरज जास्त तो कमी घेऊन उचलतो आणि सुटलेली रक्कम सगळ्यांत वाटली जाते. सभासदांची नावं तिनं देवनागरीत लिहिली तर कंपायलर अडला. अवतरणचिन्हाआधी 'युनिकोड' हा शब्द जोडल्यावर चालला. मग नावं बत्तीस बाइटच्या ठरावीक खणात बसवायला गेली, तर देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या. दहा चिन्हांत खण भरतो. आमच्याकडची नावं वडिलांच्या नावासकट, पुढं गावावरून आडनाव. बसणार कशी? "हे तरी माझं चुकलं नाही ना?" तिनं विचारलं. या वेळी विचारलं, सांगितलं नाही, एवढं मी टिपून ठेवलं.

पुढची चूक मात्र तिचीच निघाली. आम्ही एक टेस्ट लिहिली : फेरा संपला की भिशीच्या पेटीत एक रुपयाही उरता कामा नये. फोर्ज अशा टेस्टला स्वतःच वाटेल ते आकडे भरून बघतं, न सांगता दोनशे छप्पन वेळा. टेस्ट लाल झाली आणि ज्या आकड्यानं मोडली तो आकडा खाली छापून आला. आम्ही कागदावर सोपं उदाहरण घेतलं. एकोणसाठ हजाराला लिलाव सुटला, हजार रुपये वाटायचे, बारा जण. सॉलिडिटीत अपूर्णांक नाहीत, भागाकार खालीच कापला जातो. प्रत्येकाला त्र्याऐंशी, एकूण नऊशे शहाण्णव. चार रुपये पेटीत पडून. आणि ते काढायला कॉन्ट्रॅक्टमध्ये दारच ठेवलेलं नाही, म्हणजे कायमचे आत. ती कपाळाला हात लावून हसायला लागली. आपली चूक सापडल्यावर इतकं मोकळं हसता येतं हे त्या दिवशी तिला कळलं असावं. मला तर नक्कीच बरं वाटलं. आमच्या गल्लीची भिशी चालवणाऱ्या काकू तेवढ्यात डबा परत करायला आल्या होत्या. त्यांना विचारलं, तुमच्यात वरचे चार रुपये उरले तर काय करता? त्या म्हणाल्या, "काय करणार? डब्यात टाकायचे, आणि वर्षाच्या शेवटाला चहा-भजी." मग तिनं चहाचं खातं काढलं. सोळा ओळींचा बदल, आणि टेस्ट हिरवी.

चार रुपयांना हसलो, पण हाच प्रकार मोठ्या आकड्यांचा होतो तेव्हा कुणी हसत नाही. फाउंड्रीतला रिजेक्ट माल निदान परत भट्टीत जातो. साखळीवर एकदा ओतलं की ओतलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या वॉलेटांचं, म्हणजे ईथर ठेवायच्या पाकिटांचं, तसं झालं. शेकडो वॉलेटं ज्या एका सामाईक लायब्ररी कॉन्ट्रॅक्टवर टेकली होती, त्याला मालक नेमायचा राहून गेला होता. टोपणनावानं वावरणारा एक जण चाचपडत तिथं पोचला, मालक झाला, आणि त्यानं ते नष्ट करण्याचं बटण दाबलं. पाच लाख तेरा हजारांवर ईथर त्या क्षणी गोठलं. ते मोकळं करण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला, पण तो मान्य झाला नाही. मला खुपतं ते हे की कोड सगळ्यांसमोर उघडा होता. इतकंच काय, एका वाचकानं त्याच ऑगस्टमध्ये मालक नेमून टाका असं सुचवलंही होतं. कंपनीनं ती सोयीपुरती सुधारणा समजून पुढच्या कधीतरीवर ढकलली. म्हणजे फोडून बघणारा होता, त्यानं भोक दाखवलंही होतं. पण सांगणाऱ्याचं ऐकायची सक्ती ओपन सोर्सच्या कुठल्याच परवान्यात लिहिलेली नसते.

आणि साखळीवर ओतलेलं कधीच बदलता येत नाही म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. २०१६ च्या जूनमध्ये 'द डाओ' नावाच्या सामाईक गुंतवणूक निधीतून छत्तीस लाख ईथर चोरीला गेलं तेव्हा ते परत मिळवायला जुलैत साखळीच वळवली. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्याच वाटेनं गेले आणि त्यांनी तिला इथेरियम क्लासिक म्हटलं. एकोणीस लाख वीस हजाराव्या ब्लॉकपर्यंत, म्हणजे साखळीच्या त्या कडीपर्यंत, दोघांचा इतिहास एकच, पुढं दोन साखळ्या, दोन नावं, आणि खरी कुठली यावर अजून वाद. हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना समजवायला मला अर्धा तास लागतो. बेळगावात "१९५६ आठवा", म्हणजे राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते वर्ष, म्हटलं की मान डोलते. फक्त त्या साखळीत माणसाला निवड होती, कुठल्या वाटेनं जायचं ती.

हे सगळं मी लिहितेय आणि दुसरीकडं मला गल्लीत 'ब्लॉकचेन' हा शब्द उच्चारायची लाज वाटते, हेही खरं. आमच्या भागात तो शब्द आला तोच महिन्याला पैसे वाढवून देतो म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून. हॉटेलच्या हॉलमध्ये सभा, कोट घातलेला कुणीतरी, आणि नंतर लागत नसलेला फोन. बुडालेल्यांत माझ्या माहेरच्या नात्यातलेही आहेत. मी त्याच नावाच्या धंद्यात पगार कमावते हे त्यांना सांगताना माझी जीभ अडखळते. त्या योजनांत फोडून बघण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं, हा फरक मला लख्ख दिसतो, पण ज्याचे पैसे गेले त्याला तो काय कामाचा? आणि उघडं म्हणजे सगळ्यांना उघडं, हेही मी मानत नाही. वाचायला इंग्रजी लागतं, रिकामा वेळ लागतो, बरा लॅपटॉप लागतो. शिवाय ही साधनं पोसणारे कुणाचे तरी पैसे असतात. हार्डहॅट या अशाच साधनामागं नॉमिक फाउंडेशन आहे म्हणून ते धर्मादाय वाटतं, फाउंड्रीमागं गुंतवणूकदार आहेत, आणि ट्रफलमागच्या कंपनीनं ठरवलं तेव्हा ट्रफल संपलं. परवान्याच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिलेलंच असतं : जसं आहे तसं घ्या, आमची हमी नाही. अप्पांना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "एवढं खरं आमचा मालक कधी बोलला नाही."

भिशी अजून पुरी झालेली नाही. चहाचं खातं जमलं, पण खरा घोर पुढचा आहे : ज्यानं दुसऱ्याच महिन्यात रक्कम उचलली, त्यानं पुढचे हप्ते भरलेच नाहीत तर? कोड कुणाच्या दारात जाऊन बसत नाही. आधी सगळ्यांकडून अनामत घ्यावी, तर ज्याला गरज आहे त्याच्याकडंच ती नसते. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या त्यात काय, पहिल्या सहा महिन्यांत उचलायची असेल तर जामीन लागतो. आता ती जामीनदाराचं फंक्शन लिहितेय. काल रात्री तिचा मेसेज आला : जामीन राहिलेल्यानं स्वतःच पुढच्या महिन्यात लिलाव घेतला तर चालतं का, आणि दोघं एकमेकांना जामीन राहिले तर? दुसऱ्या प्रश्नाची टेस्ट तिनं आधीच लिहून पाठवली होती. पहिल्याचं मी काकूंना विचारून सांगते म्हटलं. त्या उद्या हप्ता गोळा करायला येतीलच.